वणवामुक्त ऐनखोल

आमच्या गावाच्या वेशीवर एक फलक होता. हिरव्यावर पांढऱ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘वणवामुक्त गाव ऐनखोल आपले स्वागत करीत आहे.’ फलकाचा डावा कोपरा वणव्यात जळलेला होता. तो आम्ही दर पावसाळ्यानंतर रंगवून घ्यायचो.

फलक मिळवणं अवघड नव्हतं. २०२९ साली वणवामुक्त गाव अभियान आलं. ज्या गावातून वर्षभरात एकाही वणव्याची नोंद येणार नाही, ते गाव वणवामुक्त. नोंद करायची गावानेच. बक्षीस म्हणून फलक, सिमेंटचा रस्ता आणि आरोग्य उपकेंद्राला फ्रिज. पुढे कधी एक जरी नोंद आली, तर बक्षीस परत. रस्ता उखडून नेता येत नाही, पण फलक आणि फ्रिज नेतात. आमच्या फ्रिजमध्ये सापाच्या विषावरची इंजेक्शनं असायची. ऐनखोलात माणसं अडतीस आणि फुरशी अगणित, त्यामुळे फ्रिज हा गावातला सगळ्यात महत्त्वाचा नागरिक होता.

सरपंच मंदाकिनी भुवड, म्हणजे माझी काकी. आईवडील विरारला नोकरी करायचे, मला काकीनेच वाढवलं. मी, निनाद भुवड, ग्रामपंचायतीत संगणक परिचालक होतो. दर महिन्याच्या पाच तारखेला मी तालुक्याला अहवाल पाठवायचो. वणवे : निरंक. काहीच नाही याला सरकारी भाषेत निरंक म्हणतात. एका एप्रिलमध्ये निरंक टाइप करताना कीबोर्डवर माझ्या बोटांची काजळी उमटली. मी फडक्याने पुसली आणि अहवाल पाठवला.

वणवे लागायचेच. गावाच्या डोक्यावर सडा आहे, मैलभर कातळाचं पठार. पावसात त्यावर कमरेएवढं गवत वाढतं आणि फेब्रुवारीपर्यंत त्याचा कडकडीत पेंढा होतो. कुणाची विडी, कुणाच्या विजेच्या तारेची ठिणगी, की वणवा उतारावरून काजूच्या बागांत आणि तिथून घरांकडे निघतो. मग देवळातला ढोल वाजायचा. हातातलं काम टाकून सगळी वाडी ऐनाच्या ओल्या डहाळ्या घेऊन वर पळायची आणि आग झोडपून काढायची. विझली की काकीच्या ओटीवर चहा. चहा पिऊन झाला की वणवा लागलाच नव्हता.

हे छान चाललं होतं, पण डहाळ्या मारणारे म्हातारे होत गेले. गावाचं सरासरी वय चौसष्टवर पोचलं. त्यात माझ्यामुळे ते जरा खाली आलेलं होतं. मग काकीने पाष्टेमामांना फोन करायला सुरुवात केली.

पाष्टेमामा पंचायत समितीच्या बंबाचे चालक. सगळ्या ग्रामीण भागाला मिळून हा एकच बंब. अधिकृत क्रमांकावर फोन केला तर नोंद होते, म्हणून काकी त्यांच्या खासगी मोबाइलवर करायची. मामा बंब घेऊन यायचे, विझवायचे, चहा प्यायचे आणि परत जाऊन वहीत ‘वाहन चाचणी’ असं लिहायचे. पाच वर्षांत त्यांनी बंबाची चौदा वेळा चाचणी घेतली. चौदाही वेळा ऐनखोलला, चौदाही वेळा फेब्रुवारी ते मेमध्ये, आणि चौदाही वेळा टाकी रिकामी करून. कुणाला संशय आला नाही, कारण ती वही कुणी वाचत नव्हतं.

ती वही पहिल्यांदा वाचली अग्निगंधने.

अग्निगंध ही वासाची यंत्रणा. गवत पेटण्याआधी तापतं, आणि तापताना त्यातून काही वायू सुटतात. ते इतके थोडे असतात की माणसाला कळत नाहीत. झाडाला टांगलेल्या तळहाताएवढ्या डबीत धातूच्या ऑक्साइडचा एक पातळ थर असतो. वायूचे रेणू त्याला चिकटले की त्याचा विद्युतरोध बदलतो. आंबा जळताना तो एका तऱ्हेने बदलतो, काजू जळताना दुसऱ्या. म्हणजे डबीला वास येतो. एका सड्यावर शंभर डब्या लावल्या की ज्वाळा दिसण्याआधी अर्धा तास कळतं, कुठे काय पेटणार आहे. मग चाळीस लिटर पाणी घेऊन ड्रोन निघतो आणि आग लहान असतानाच विझवतो. हे खरोखर चालतं. यंत्रणेच्या कुलथे मॅडमनी पंचायत समितीच्या सभेत त्याचा व्हिडिओ दाखवला तेव्हा सभागृहातल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीसुद्धा.

सभा २०३८च्या नोव्हेंबरमध्ये होती. तोवर मी पंचायत समितीत कनिष्ठ सहाय्यक झालो होतो आणि सभांचं इतिवृत्त लिहायचं काम माझ्याकडे होतं. विषय क्रमांक सहा, सभागृहातील पंखे. त्यावर पाऊण तास वाद झाला. विषय क्रमांक सात, ग्रामीण अग्निशमन सेवेची पुनर्रचना. बंब बंद करायचा, फोनचा क्रमांक बंद करायचा, आणि सगळं अग्निगंधकडे सोपवायचं. सरपंचांना निमंत्रित म्हणून बोलावलं होतं, त्यामुळे काकी तिसऱ्या रांगेत होती. पाष्टेमामा दाराशी उभे होते, बंबाच्या वतीने.

रेवती कुलथे या यंत्रणेच्या अभियंता, माझ्याच वयाच्या. त्यांनी सांगितलं की बंबाच्या वहीप्रमाणे, चाचण्या सोडल्या तर, पाच वर्षांत ग्रामीण भागातून तीन कॉल आले. एक झाडावर अडकलेल्या मांजराचा. एक चुकून लागलेला. तिसरा सभापती घवाळेसाहेबांच्या पुतण्याच्या लग्नाचा, मांडवाच्या वाटेवरची धूळ बसवायला. घवाळेसाहेबांनी पाण्याचा पेला उचलला आणि सावकाश संपवला.

मग मॅडमनी नकाशा लावला. लाल म्हणजे धोका जास्त, पांढरं म्हणजे शून्य. तालुक्यातल्या बासष्ट गावांपैकी एकोणसाठ गावं दुधासारखी पांढरी होती. मधोमध ऐनखोल, सगळ्यात पांढरं.

“प्रत्येक गावाचं नाक वेगळं असतं,” मॅडम म्हणाल्या. “कुठे चुलीचा धूर रोजचा असतो, कुठे भट्टीचा. त्यामुळे डबीला आधी शिकवावं लागतं की इथे कुठला वास साधा आणि कुठला धोक्याचा. पाच वर्षं डब्या नुसता वास घेत होत्या. वास आला, की त्या महिन्याचा गावाचा अहवाल बघायचा. अहवालात वणवा असेल तर तो वास धोक्याचा. अहवाल निरंक असेल तर तो वास त्या गावाचा नेहमीचा.”

माझं पेन निरंक या शब्दावर थांबलं.

पाच वर्षं सडा जळत होता, डब्या हुंगत होत्या, आणि खाली बसून मी त्यांना सांगत होतो की काही नाही, आमच्याकडे असाच वास असतो. ऐनखोलचं नाक मी घडवलं होतं. जळणारं गवत, जळणारा काजू, जळणारा ऐन, हा त्या नाकाला गावाचा सुगंध वाटत होता.

चहाच्या सुट्टीत मी काकीला आणि मामांना जिन्यात गाठलं आणि हे समजावलं. बंब गेला आणि वणवा आला, तर ड्रोन येणार नाही. सभेत खरं सांगावं लागेल. काकीने आधी माझ्या शर्टाची कॉलर नीट केली.

“पाष्टेनं चौदा वेळा खोटं लिहिलंय,” ती म्हणाली. “माझ्या शब्दावर. फेब्रुवारीअखेर तो रिटायर होतोय. तू तोंड उघडलंस की त्याची चौकशी लागेल, पेन्शन अडकेल. त्याची बायको अंथरुणावर आहे, मेल्या.”

मामांचं म्हणणं होतं की त्यांचं काहीही होवो, पण फ्रिज गेला तर पहिलं फुरसं चावेल त्याचं काय. दोघं बराच वेळ एकमेकांची काळजी करत उभी राहिली. वणव्याची काळजी करायला मी एकटाच उरलो होतो.

सुट्टीनंतर ठराव मांडला गेला. इतिवृत्त लिहिणाऱ्याने सभेत बोलायचं नसतं. मी उभा राहिलो आणि बोललो. म्हटलं, ऐनखोलचे सगळे निरंक अहवाल मी लिहिलेत आणि ते सगळे खोटे आहेत. पाच वर्षांत चौदा वणवे तर बंबाने विझवले, बाकीचे आम्ही. एकोणसाठ पांढऱ्या गावांतल्या इतरांचंही तेच असणार.

इतर सरपंच पंख्यांकडे बघू लागले.

घवाळेसाहेबांनी काकीला विचारलं, हे खरं आहे का. काकी उभी राहिली, पदर खोचला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, “आमच्या गावात वणवा लागत नाही.” मग साहेबांनी दाराकडे बघितलं. पाष्टेमामा सावधानमध्ये उभे होते. “चाचणी होती, साहेब,” ते म्हणाले. “जुना बंब आहे. चढावर बघावा लागतो.”

तिने त्यांना वाचवलं, त्यांनी तिला वाचवलं. ठराव सर्वानुमते मंजूर झाला. बंब मोडीत न काढता पंचायत समितीच्या आवारात सेल्फी पॉइंट म्हणून उभा करावा, अशी उपसूचना आली आणि तीही मंजूर झाली. इतिवृत्त मलाच लिहायचं होतं. साहेबांनी वाक्य सांगितलं, मी उतरवून घेतलं. ‘कनिष्ठ सहाय्यक यांना उन्हामुळे अस्वस्थ वाटल्याने सभेत अल्प व्यत्यय आला.’

नंतर कुलथे मॅडम मला व्हरांड्यात भेटल्या. त्यांनी लॅपटॉप उघडून ऐनखोलच्या डब्यांच्या नोंदी बघितल्या होत्या. प्रत्येक उन्हाळ्यात आलेखावर डोंगर उभे होते.

“तुम्ही खरं बोलताय,” त्या हळू आवाजात म्हणाल्या.

मी म्हटलं, मग नाकाला परत शिकवा. त्या म्हणाल्या, जुने अहवाल बंद झालेत, ते कुणालाच उघडता येत नाहीत. नवीन नोंदी लागतील. जागा, वेळ आणि फोटोसकट. एक-दोन नोंदींना यंत्रणा चूक समजते. निदान तीस हव्यात.

“म्हणजे तीस वणवे नोंदवले की एकतिसाव्याला ड्रोन येईल?”

“हो,” त्या म्हणाल्या, आणि लॅपटॉप मिटला. मग त्यांनी एक मार्ग सुचवला. देखरेखीखाली छोट्या छोट्या तीस आगी लावता येतील. मी रीतसर अर्ज केला. तीन आठवड्यांनी उत्तर आलं की हेतुपुरस्सर आग लावण्यासाठी अग्निशमन सेवेचा ना हरकत दाखला जोडावा. अग्निशमन सेवा आम्ही नोव्हेंबरात बंद केली होती.

काकीने माझ्याशी बोलणं टाकलं. दर शनिवारी मी गावी जायचो, ती ताट वाढायची, भात संपला की भात आणायची, आणि नजर भिंतीवर. मी फोन केला तर ती उचलून बाजूला ठेवायची. मला कोंबड्या ऐकू यायच्या. दोन-तीन मिनिटं कोंबड्या ऐकून मी ठेवून द्यायचो.

जानेवारीत एकदा तिचा स्वतःहून फोन आला. मुंबईच्या चुलतबहिणीने व्हॅनिलाच्या वासाची अगरबत्ती पाठवली होती. काकीने ती तुळशीपाशी लावली. ऐनखोलच्या हवेत व्हॅनिला कधीच जळलेलं नव्हतं. सड्यावरच्या नाकाने तो वास ओळखला नाही आणि नऊ मिनिटांत ड्रोनने येऊन तुळशीवर चाळीस लिटर पाणी ओतलं. चाचणीचा काळ असल्यामुळे नोंद झाली नाही. “तुझ्या त्या यंत्रानं माझी तुळस वाकवली,” एवढं बोलून काकीने ठेवून दिला. माझ्याशी बोलणं झालं, असं तिच्या हिशोबी ते धरायचं नव्हतं.

मार्चमधल्या दुसऱ्या शनिवारी दुपारी मी जेवत असताना ढोल वाजला.

सड्याच्या कडेवर धूर नव्हता, सरळ ज्वाळाच होत्या. पारा त्रेचाळीसवर आणि वारा उताराच्या दिशेने. ढोल ऐकून अकरा माणसं जमली. त्यांतल्या चौघांच्या एका हातात डहाळी होती आणि दुसऱ्या हातात काठी. मी मोबाइलवर अग्निगंध उघडलं. पडद्यावर हिरवं पान हलत होतं. ‘ऐनखोल परिसरातील वास सर्वसाधारण आहे. निश्चिंत राहा.’ तक्रारीसाठी खाली चौकट होती. मी लिहिलं, गाव जळतंय. उत्तर आलं, ‘आपला अभिप्राय मोलाचा आहे.’

काकीने पाष्टेमामांना फोन केला होता. ते रिटायर होऊन बारा दिवस झाले होते. ते स्कूटरवर आले, पाठीला आंब्यावर फवारणी करायचा पंप. पंपात सोळा लिटर पाणी. वाटेत पंचायत समितीत थांबून बंब मागितला का, असं मी विचारलं. ते म्हणाले, मागितला, पण टायर काढून विटांवर ठेवलाय आणि टाकीत बोगनवेल लावलीय.

“बरी फुललीय,” ते म्हणाले आणि वर चालू लागले.

आम्ही झोडपत होतो. पूर्वी साठ डहाळ्या एका ओळीत चालायच्या, आता चौदा होत्या आणि मधल्या फटींतून आग निवांत पुढे यायची. वरची बाग गेली. काजू पेटला की त्याच्या तेलाचा काळा, डोळ्यांत घुसणारा धूर निघतो. तो बागेच्या कडेच्या पोफळीला टांगलेल्या डबीवरून वाहत होता आणि डबीचा हिरवा दिवा शांतपणे लुकलुकत होता. मामांचा पंप संपला. आग आणि काकीचं घर यांच्यामध्ये आता काजूची एकच रांग उरली होती.

काकीने डहाळी खाली टाकली आणि माझ्याकडे वळली. चार महिन्यांनी तिने मला पहिला प्रश्न विचारला.

“ती व्हॅनिला कुठेय रे?”

देवघराच्या फळीवर दोन पुडे होते. आम्ही दोघांनी घराच्या मागच्या बाजूला, काजूच्या रांगेच्या मुळाशी, मातीत अगरबत्त्या खोचल्या. जिथे पाणी पडायला हवं होतं, नेमकं तिथे. ऐंशीच्या वर असतील. समोर डोंगर पेटलेला आणि मी काडेपेटी घेऊन एकेक अगरबत्ती लावतोय. काकी वाऱ्याला आडोसा म्हणून पदर धरून बसली होती. सगळ्या लागल्यावर तिने सवयीने हात जोडले.

नऊ मिनिटांत ड्रोन आला. इतका नेमकेपणा मी सरकारी कामात कधी बघितलेला नाही. पेटलेल्या काजूला वळसा घालून तो अगरबत्त्यांवर स्थिर झाला आणि चाळीस लिटर पाणी त्याने घोंगडीएवढ्या जागेत ओतलं. एकही अगरबत्ती जळती राहिली नाही. ऐन वेळी वारा फिरला आणि त्या ओल्या घोंगडीच्या दोन्ही बाजूंनी आग घरावर गेली. काकीने पुड्यात हात घालून बघितलं, उरलेल्या काड्या भिजल्या होत्या. माझ्या मोबाइलवर संदेश आला. ‘आग विझवली आहे. घटना बंद. धन्यवाद.’

रस्ता सिमेंटचा असल्यामुळे जळला नाही. आम्ही सगळे त्याच्यावर जाऊन बसलो. उपकेंद्राच्या छपराने पेट घेण्याआधी पाच म्हाताऱ्यांनी आणि मामांनी मिळून फ्रिज बाहेर आणला होता. तो रस्त्याच्या मधोमध उभा होता, बंद. काकी त्याला टेकून बसली आणि समोर आपलं घर जळताना बघत राहिली. मी तिच्या शेजारी बसलो. तिने मला हलायला सांगितलं, माझ्यामुळे फ्रिजवर वारा येत नव्हता.

वाडीतली एकोणीस घरं गेली. माणूस एकही गेला नाही, तेवढी धावपळ चौसष्ट वर्षांच्या पायांना अजून जमते. पाष्टेमामांचे दोन्ही तळहात भाजले. त्यांची पेन्शन वेळेवर सुरू झाली, आणि पहिल्या वेळी सही करता आली नाही म्हणून त्यांना बँकेत अंगठा लावायला सांगितलं. अंगठाही भाजलेला होता.

चार एप्रिलला तालुक्याहून टेम्पो आला. ऐनखोलात आगीची नोंद झाल्यामुळे अभियानाच्या नियमानुसार फलक आणि फ्रिज परत न्यायचे होते. माणसं सभ्य होती. फ्रिजमधली इंजेक्शनं त्यांनी काढून काकीच्या हातात दिली. तोवर ती उन्हात निरुपयोगी झाली होती, पण काकीने नीट मोजून पिशवीत ठेवली. फलकाचा जळलेला कोपरा उचलताना तुटला. तो त्यांनी तिथेच टाकला.

पाच तारखेला मी देवळात, गावाच्या नव्या पत्त्यावर, लॅपटॉप उघडून बसलो. आता अहवाल यंत्रणाच तयार करते, कनिष्ठ सहाय्यकाने फक्त बघून मान्य करायचा असतो. ऐनखोलची ओळ अशी होती. आगी : एक. कारण : अगरबत्ती. प्रतिसादाचा वेळ : नऊ मिनिटे. नुकसान : निरंक.

खाली चौकोन होता. ‘वरील माहिती सत्य असल्याची मी खात्री केली आहे.’ मी तो रिकामा सोडला तर नोंद रद्द होणार होती.

काकी माझ्या मागे उभी राहून वाचत होती. तिच्या साडीला अजून धुराचा वास येत होता, ऐनखोलचा नेहमीचा.

“रद्द झाली तर नाकाला शिकवायला किती राहतील?” तिने विचारलं.

“तीस.”

“आणि ठेवली तर?”

“एकोणतीस.”

तिने दाराबाहेर बघितलं. सडा वरपासून खालपर्यंत काळा होता. त्यावर पेटेल असं काही उरलेलं नव्हतं.

“ठेव,” ती म्हणाली.

मी चौकोनात खूण केली आणि अहवाल पाठवला.